निवेदकाचे स्मरण : प्रदीप भिडे आणि दूरदर्शनच्या मराठी प्रेक्षकाचे नाते
(बीड जिल्ह्याच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

दिनांक ७ जून २०२२ रोजी मुंबई दूरदर्शनचे ज्येष्ठ वृत्तनिवेदक प्रदीप भिडे यांचे निधन झाले. सुमारे चार दशके मराठी घराघरांत रोजच्या बातम्या ज्या आवाजात पोहोचल्या, तो आवाज थांबला. त्यानंतरच्या दिवसांत ज्यांनी हळहळ व्यक्त केली, त्यांपैकी बहुतेकांनी भिडे यांना प्रत्यक्ष कधी पाहिलेले नव्हते. त्यांच्याशी पत्रव्यवहार नव्हता, ओळख नव्हती, नातेसंबंध तर नव्हताच. तरीही 'घरातले कोणी गेल्यासारखे वाटले' ही भावना अनेकांच्या बोलण्यातून प्रकट झाली. त्याच वर्षी १८ नोव्हेंबरला 'फूल खिले हैं गुलशन गुलशन' या मुलाखतींच्या कार्यक्रमाच्या सूत्रसंचालिका तबस्सुम यांचे निधन झाले आणि तशीच भावना पुन्हा अनुभवास आली.

ही भावना केवळ भाबडेपणाची आहे असे मानून तिच्याकडे दुर्लक्ष करणे सोपे आहे. परंतु समाजशास्त्र, भाषाशास्त्र आणि माध्यमविद्या या तिन्ही शाखांच्या अभ्यासकाला तिच्यात विचार करण्याजोगे बरेच काही सापडते. प्रस्तुत लेखात पुढील तीन प्रश्नांचे विवेचन केले आहे. न भेटलेल्या निवेदकाविषयी आत्मीयता कशी निर्माण होते? बीडसारख्या, मुंबईपासून दूर असलेल्या जिल्ह्यात हे नाते कोणत्या परिस्थितीत घडले? आणि निवेदकाच्या मृत्यूनंतर ही स्मृती टिकवण्यासाठी महाविद्यालयांना काय करता येईल?

निवेदक, सूत्रसंचालक आणि सूत्रधार

प्रारंभी काही संज्ञा स्पष्ट करणे आवश्यक आहे. 'वृत्तनिवेदक' हा दुसऱ्याने लिहिलेले वृत्त वाचतो. 'निवेदक' कार्यक्रमांना जोडणारा दुवा असतो. 'सूत्रसंचालक' पाहुण्याला बोलते करतो आणि प्रेक्षकाला त्या संवादात सामील करून घेतो. अमेरिकेत रात्रीच्या जेवणानंतर पाहिल्या जाणाऱ्या गप्पांच्या कार्यक्रमांतून या तिसऱ्या भूमिकेला मोठी प्रतिष्ठा मिळाली. 'द टुनाइट शो' हा कार्यक्रम १९५४ साली स्टीव्ह ॲलन यांच्या सूत्रसंचालनाखाली राष्ट्रीय स्तरावर सुरू झाला. पुढे जॉनी कार्सन यांनी १९६२ ते १९९२ अशी तीस वर्षे तो चालवला. २३ जानेवारी २००५ रोजी कार्सन यांचे निधन झाले, तेव्हा दिवसाच्या अखेरीस नियमाने भेटणारा सोबती गेला, अशीच तेथील प्रेक्षकांची भावना होती.

आपल्याकडे या भूमिकेची मुळे दूरचित्रवाणीपेक्षा कितीतरी जुनी आहेत. 'सूत्रसंचालक' हा शब्दच संस्कृत नाटकातील 'सूत्रधारा'ची आठवण करून देतो. नाट्यवस्तू आणि प्रेक्षक यांच्या मधोमध उभा राहून दोहोंशी बोलणारा तो पहिला माणूस होय. तमाशातील सोंगाड्या, पोवाडा गाणारा शाहीर आणि कीर्तनकार हे त्याच परंपरेतील म्हणता येतील.

बीड जिल्ह्याच्या संदर्भात कीर्तनकाराचा दाखला विशेष महत्त्वाचा आहे. गावोगावच्या हरिनाम सप्ताहात पहाटेचा काकडा, दिवसाचे पारायण, सायंकाळचा हरिपाठ आणि रात्रीचे कीर्तन असा क्रम असतो. दिवसभराची कामे उरकून, जेवणे आटोपून गाव कीर्तनाला बसते. कीर्तनकार समोरच्या शेकडो जणांशी बोलतो, परंतु प्रत्येकाला तो आपल्याशीच बोलतो आहे असे वाटते. सप्ताह संपला तरी महाराजांचा एखादा दृष्टांत घरात वर्षभर बोलला जातो. रात्रीच्या वेळी एका विश्वासू आवाजाभोवती एकत्र बसण्याची सवय या प्रदेशाला दूरचित्रवाणीने लावली नाही. ती आधीपासून होती, दूरचित्रवाणीने तिला नवे स्थान दिले, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल.

दूरदर्शनचा प्रवास आणि बीड जिल्हा

भारतात दूरचित्रवाणीचे प्रायोगिक प्रक्षेपण १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत सुरू झाले. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. १ एप्रिल १९७६ रोजी दूरदर्शन आकाशवाणीपासून वेगळे झाले. १९८२ साली राष्ट्रीय कार्यक्रम आणि रंगीत प्रक्षेपण आले. त्यानंतर उपग्रह व लघुशक्ती प्रक्षेपकांच्या साहाय्याने जिल्ह्या-जिल्ह्यांत दूरदर्शन पोहोचले. बीड जिल्ह्यात बालाघाटच्या डोंगररांगेतील अंबाजोगाई येथे उच्चशक्ती प्रक्षेपण केंद्र उभे राहिले. ज्या अंबाजोगाईशी आद्यकवी मुकुंदराज आणि पासोडीकार दासोपंत यांची नावे जोडलेली आहेत, तेथूनच मराठी बातम्यांच्या लहरी भोवतालच्या तालुक्यांत जाऊ लागल्या.

मुंबई केंद्राच्या 'आमची माती आमची माणसं', 'गजरा', 'प्रतिभा आणि प्रतिमा', 'ज्ञानदीप', 'किलबिल' यांसारख्या कार्यक्रमांनी मराठी प्रेक्षक घडवला. त्याच काळात पडद्यावरील काही चेहरे परिचयाचे झाले. स्मिता पाटील चित्रपटात येण्यापूर्वी मुंबई दूरदर्शनवर बातम्या वाचत असत. रंगभूमीवरील थोर अभिनेत्री भक्ती बर्वे याही वृत्तनिवेदिका होत्या. स्मिता पाटील यांचे १३ डिसेंबर १९८६ रोजी आणि भक्ती बर्वे यांचे १२ फेब्रुवारी २००१ रोजी अकाली निधन झाले, तेव्हा त्यांच्या अभिनयाबरोबरच त्यांच्या बातम्यांचीही आठवण निघाली. भिडे यांचे वेगळेपण असे की, त्यांची मुख्य ओळख वृत्तनिवेदनातूनच घडली आणि ती दोन पिढ्या टिकली.

तथापि, 'संपूर्ण जिल्हा दूरदर्शनसमोर बसला होता' असे चित्र रंगवणे वस्तुस्थितीला धरून होणार नाही. प्रारंभीच्या काळात गावात एखाद-दुसऱ्या घरी संच असे. ओसरीवर कोणी बसायचे, उंबऱ्याबाहेर कोणी थांबायचे, हे गावातील सामाजिक उतरंडीवरून ठरत असे. स्त्रिया बहुधा स्वयंपाकघरातून बातम्या ऐकत. त्यांच्यासाठी निवेदक हा आधी आवाज होता, चेहरा नंतर. शिवाय हा ऊसतोड कामगारांचा जिल्हा आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास कुटुंबेच्या कुटुंबे गाडी-बैलांसह पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे जातात आणि हंगाम संपल्यावर परततात. फडाजवळच्या कोपीत दूरचित्रवाणी संच असण्याचा प्रश्नच नव्हता, फार तर एखादा ट्रान्झिस्टर असे. पुढे संच आले तेव्हा ऐन सायंकाळच्या भारनियमनाने बातम्यांची वेळ अनेकदा अंधारातच गेली. म्हणून बीड जिल्ह्यातील निवेदकाची स्मृती एकसंध नाही. ती घर, जात, लिंग आणि हंगाम यांनुसार वेगवेगळी आहे. तिचा अभ्यास करताना हे भान ठेवले पाहिजे.

वृत्तनिवेदनाची कला

वृत्तनिवेदकाचे काम वरवर सोपे वाटते. समोर लिहिलेला मजकूर असतो, तो वाचायचा असतो. परंतु वाचणे आणि सांगणे यांत फरक आहे. स्पष्ट उच्चार, अर्थानुसार घेतलेला विराम, नावांचा अचूक उच्चार, बातमीच्या गांभीर्याप्रमाणे बदलणारा परंतु मर्यादा न सोडणारा स्वर, ही या कलेची अंगे होत. वाक्याचा शेवट गिळला तर क्रियापद हरवते आणि मराठीत क्रियापद हरवले की अर्थच हरवतो, कारण घटना घडली, घडणार आहे की घडली नाही, हे वाक्याच्या अखेरीस कळते. भिडे यांच्या वाचनात वाक्याचा शेवट नेहमी ऐकू येत असे. त्यांच्या लोकप्रियतेमागील हे साधे, परंतु महत्त्वाचे भाषिक कारण आहे.

दुसरे अंग संयमाचे आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत भूकंप झाला. शेजारच्या बीड जिल्ह्यात अनेकांचे नातलग त्या भागात होते. दूरध्वनी मोजके होते. अशा प्रसंगी नेमके काय घडले, हे जाणण्याचे प्रमुख साधन आकाशवाणी आणि दूरदर्शनचे बातमीपत्र हेच होते. ज्याच्या तोंडून अशुभ वार्ता ऐकावी लागते, त्या माणसाविषयी प्रेक्षकाच्या मनात दोन अपेक्षा असतात. त्याने घाबरू नये आणि त्याने निष्ठुरही दिसू नये. दूरदर्शनच्या त्या पिढीतील निवेदकांनी ही मध्यरेषा जपली. आवाज न चढवता दुःख सांगता येते, हा त्यांचा धडा आजच्या काळात अधिकच लक्षणीय वाटतो.

मुलाखतकाराची कला याहून भिन्न आहे. तेथे बोलण्यापेक्षा ऐकणे महत्त्वाचे असते. बालकलाकार म्हणून चित्रपटात आलेल्या तबस्सुम यांनी १९७२ ते १९९३ या काळात मुंबई दूरदर्शनवर असंख्य कलावंतांना बोलते केले. चित्रपट अभिनेते फारुख शेख यांनी 'जीना इसी का नाम है' या कार्यक्रमात पाहुण्याच्या जुन्या सोबत्यांना समोर आणून त्याच्या आयुष्याची उजळणी घडवली. त्यांच्या सौम्य विनोदाची आठवण २८ डिसेंबर २०१३ रोजी त्यांच्या निधनानंतर सर्वत्र काढली गेली. यजमानाने पाहुण्याला मोठे करावे आणि स्वतः मागे राहावे, हा आपल्या पाहुणचाराचा संस्कार या दोघांच्या कार्यक्रमांत दिसून येतो.

दूरस्थ जवळीक आणि मान्यता नसलेले दुःख

या आत्मीयतेचे शास्त्रीय विवेचन प्रथम डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या अभ्यासकांनी १९५६ साली केले. दूरचित्रवाणीवरील व्यक्ती आणि प्रेक्षक यांच्यातील एकतर्फी, परंतु परस्परसंवादासारख्या भासणाऱ्या नात्याला त्यांनी जी संज्ञा दिली, तिचे मराठी रूपांतर 'परासामाजिक संबंध' असे करता येईल. त्यांनी अभ्यासलेल्या उदाहरणांत स्टीव्ह ॲलन यांचा कार्यक्रमही होता, ही बाब प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने उल्लेखनीय आहे. या नात्याची चार कारणे सांगता येतील. निवेदक थेट प्रेक्षकाच्या डोळ्यांत पाहतो. तो ठरलेल्या वेळी, न चुकता येतो. त्याचा स्वर सभेतील भाषणाचा नसून घरगुती बोलण्याचा असतो. आणि आपल्या घरात कितीही उलथापालथ झाली तरी तो बदलत नाही. घरात लग्न होते, बाळ जन्मते, थोरले माणूस जाते, तरी सातच्या बातम्या सातलाच लागतात. ही स्थिरता हाच त्या नात्याचा पाया होय.

मग त्याच्या मृत्यूचे दुःख कोणत्या प्रकारचे असते? अमेरिकन अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ साली 'समाजमान्यता नसलेले दुःख' ही संकल्पना मांडली. ज्या वियोगाला समाज शोकाचा अधिकार देत नाही, त्याचे दुःख माणसाला एकट्यानेच सोसावे लागते. आपल्या समाजव्यवस्थेत ही संकल्पना सहज समजण्याजोगी आहे. भावकीत कोणी गेले तर सुतक लागते, लोक भेटायला येतात, दहावा-तेरावा होतो. दुःखाला वेळापत्रक आणि सोबत दोन्ही मिळतात. निवेदकाचे सुतक लागत नाही. त्याच्यासाठी कोणी भेटायला येत नाही. म्हणून ते दुःख जुन्या ध्वनिचित्रफितीच्या देवाणघेवाणीतून, वृत्तपत्रातील स्मृतिलेखांतून आणि 'तुम्हाला आठवते का?' या प्रश्नातून वाट काढते.

येथे एक आक्षेप घेतला जाण्याची शक्यता आहे. प्रेक्षक निवेदकासाठी रडत नसून स्वतःच्या गतकाळासाठी रडतो, असे कोणी म्हणेल. हा आक्षेप अंशतः खरा आहे. भिडे यांचा आवाज आठवला की त्यासोबत कंदिलाची काच पुसणारी आई, बातम्या चालू असताना कोणाला बोलू न देणारे वडील, शेजारच्या घरातून आणलेली खुर्ची हे सारे आठवते. परंतु फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मॉरिस हाल्बवाक्स यांनी दाखवून दिल्याप्रमाणे व्यक्तीची स्मृती सामाजिक चौकटीतच उभी राहते. निवेदक ही ती चौकट होती. चौकट मोडली की तिच्या आधाराने उभ्या असलेल्या खाजगी आठवणीही हलतात. तेव्हा स्वतःसाठीचे दुःख आणि निवेदकासाठीचे दुःख यांची फारकत करता येत नाही.

प्रमाणभाषा आणि बोली : एक अवघड वारसा

निवेदकाच्या स्मरणात केवळ कृतज्ञताच असावी असे नाही. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राजवटीत होता. तेथे शासन आणि शिक्षण यांत उर्दूचे प्राबल्य होते. त्यामुळे प्रमाण मराठीच्या शुद्ध उच्चारांचे नमुने ग्रामीण विद्यार्थ्याला सहज उपलब्ध नव्हते. आकाशवाणी आणि दूरदर्शनच्या बातम्या ही त्याच्यासाठी विनाशुल्क शाळा ठरली. 'न' आणि 'ण', 'श' आणि 'ष' यांतील भेद, अनुस्वाराचा उच्चार, वाक्याची लय या गोष्टी अनेकांनी बातम्या ऐकून आत्मसात केल्या. वक्तृत्व स्पर्धांत आणि अध्यापनात त्याचा लाभ झाला, हे मान्य केले पाहिजे.

परंतु त्याची दुसरी बाजूही आहे. ज्या घरात 'मपलं-तुपलं' आणि 'काय करायलास?' अशी भाषा बोलली जात होती, त्या घरातील मुलाला पडद्यावर ती भाषा कधी बातमीत ऐकू आली नाही. ती ऐकू आली ती बहुधा विनोदी प्रवेशातील नोकराच्या किंवा अडाणी पात्राच्या तोंडून. परिणामी आपली बोली हसण्यासाठी आहे आणि गंभीर गोष्ट सांगण्यासाठी दुसरी भाषा आहे, असा समज दृढ झाला. हा दोष कोणा एका निवेदकाचा नव्हे, तो माध्यमाच्या धोरणाचा होता. उलट वृत्तनिवेदकाने कोणत्याही बोलीची टिंगल केली नाही, हे त्याच्या बाजूने नमूद करावे लागेल. पुढे १९९९ साली अल्फा मराठी आणि २००० साली ई टीव्ही मराठी या वाहिन्या आल्या. जिल्ह्याच्या ठिकाणचे वार्ताहर आपल्या स्वरात बोलू लागले. मकरंद अनासपुरे यांच्यासारख्या अभिनेत्याने मराठवाड्याचा लहेजा नायकाच्या मुखी नेला. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. अभिजात भाषेचा अभिमान बाळगताना तिच्या बोलींना माध्यमांत कोणते स्थान मिळाले, हा प्रश्न निवेदकाच्या स्मरणातूनच पुढे येतो.

स्मृतीचे जतन

निवेदकाचे कार्य स्वभावतःच क्षणभंगुर असते. नाटककाराची संहिता उरते, चित्रपटाची रिळे उरतात. बातमीपत्र मात्र दुसऱ्या दिवशी शिळे होते. पूर्वी चित्रफिती महाग असल्यामुळे त्या पुसून पुन्हा वापरण्याची प्रथा जगातील अनेक दूरचित्रवाणी संस्थांत होती. कार्सन यांच्या पहिल्या दहा वर्षांतील बहुतांश भाग याच कारणाने नष्ट झाले. ब्रिटनच्या बीबीसीनेही आपले अनेक जुने कार्यक्रम असेच गमावले. चित्रपटांच्या जतनासाठी पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. प्रसार भारतीने दूरदर्शनच्या जुन्या कार्यक्रमांचा काही भाग अलीकडे डिजिटल स्वरूपात खुला केला आहे. परंतु प्रेक्षकाने ते कार्यक्रम कोठे, कोणासोबत, कसे पाहिले, याचे जतन कोणतेही संग्रहालय करीत नाही. दरम्यान २०२२ पर्यंत दूरदर्शनचे बहुतेक जुने भूप्रक्षेपणही टप्प्याटप्प्याने बंद करण्यात आले. गच्चीवरील ॲल्युमिनियमच्या अँटेना भंगारात गेल्या आणि ज्यांनी त्या वाऱ्यात फिरवल्या, ती पिढी आता उतारवयात आहे.

येथे महाविद्यालयांची जबाबदारी सुरू होते. मराठी, समाजशास्त्र आणि इतिहास या विभागांनी संयुक्तपणे मौखिक साक्षींचा संग्रह करणे शक्य आहे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या निवासी शिबिरात विद्यार्थी गावात असतातच. त्यांनी साठीपुढील स्त्री-पुरुषांना काही निश्चित प्रश्न विचारावेत : गावात पहिला संच कोणाच्या घरी आला? तेथे कोणाला प्रवेश होता? बातम्यांच्या वेळी घरातील स्त्रिया कोठे असत? ऊसतोडीच्या हंगामात बातम्या कशा कळत? कोणत्या निवेदकाचा आवाज आजही आठवतो, आणि का? मुलाखत देणाऱ्याची संमती घ्यावी, त्याची बोली जशीच्या तशी नोंदवावी आणि ती 'शुद्ध' करण्याचा मोह टाळावा. असा संग्रह माध्यमांच्या इतिहासाइतकाच बोलीच्या अभ्यासालाही उपयुक्त ठरेल.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. निवेदकाविषयीची आत्मीयता हा भाबडेपणा नसून नियमितता, थेट संबोधन आणि स्थिरता यांतून घडलेले सामाजिक नाते आहे.

२. बीड जिल्ह्यात या नात्याला रात्रीच्या कीर्तनासारख्या जुन्या श्रवणपरंपरेची पार्श्वभूमी होती. त्यामुळे ते सहज रुजले. मात्र ते सर्व थरांत समान नव्हते.

३. प्रदीप भिडे यांच्यासारख्या वृत्तनिवेदकांनी स्पष्ट उच्चार आणि संयम यांचा आदर्श घालून दिला. त्याच वेळी माध्यमाच्या प्रमाणभाषाकेंद्री धोरणामुळे बोलींविषयी न्यूनगंडही निर्माण झाला. स्मरण करताना या दोन्ही बाजूंची नोंद घेणे आवश्यक आहे.

४. निवेदकाचे कार्य क्षणभंगुर असल्याने त्याचे खरे संग्रहालय प्रेक्षकाच्या स्मृतीत आहे. ती स्मृती नोंदवण्याचा काळ झपाट्याने सरत आहे.

निवेदकाने आयुष्यभर इतरांच्या वार्ता सांगितल्या. त्याच्या ऐकणाऱ्यांची वार्ता मात्र अद्याप कोणी नीट लिहून ठेवलेली नाही. ती त्यांच्याच भाषेत लिहून ठेवणे, हीच त्या आवाजाला उचित आदरांजली ठरेल.